पाचवं घर

"आज किती डोकी बांधली, आश्रुबा?" व्यंकटरावांनी गल्ल्यावरूनच हाळी दिली.

"दोन डोकी आन् एक कान," खुर्ची ओढत आश्रुबा म्हणाला. "गाडीवानच एकमेकाला भिडले. कापसाची गाडी आधी कुणी लावायची, त्याच्यावरून."

"आन् कान?"

"कान चावलेला हाय."

हॉटेलात हशा पिकला. सेलूच्या मोंढ्यासमोरचं ते हॉटेल बाजारच्या दिवशी असं गच्च भरलेलं असायचं. बाहेर गाड्यांची रांग, हवेत कापसाचे तंतू आणि आत भज्यांचा घाणा. आश्रुबा सरकारी दवाखान्यात ड्रेसर होता. सकाळपासून दुसऱ्यांचं रक्त आणि पू पुसायचं, दुपारी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि इथं येऊन बसायचं. हात कितीही धुतले तरी नखांना टिंक्चरचा वास राहायचाच. तो वास गुलाबजामच्या पाकात बुडवला की माणूस माणसात आला, असं त्याला वाटे.

चैन म्हणजे काय, तर साय घातलेला पेशल चहा, प्लेटीत दोन गुलाबजाम आणि जाताना मसाला पान. कुणी म्हणेल, यात कसली आली चैन? त्याला आश्रुबाच्या लहानपणचं हॉटेल माहीत नाही. तिथं वळचणीला खिळ्याला एक कानतुटका कप लटकलेला असायचा आणि तो पिऊन झाल्यावर ज्याचा त्यानं विसळून ठेवायचा. आता निळ्या फुलांची कपबशी पोऱ्या स्वतः आणून ठेवतो आणि उष्टी कपबशी उचलूनही नेतो. आश्रुबाची खरी चैन ती उचलून नेण्यात होती. चहा संपल्यावर तो मुद्दाम थोडा वेळ बसायचा, पोऱ्या येऊन कप उचलीपर्यंत.

चार महिन्यांपूर्वी, श्रावणात, विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा ही खुर्ची जाते की काय, असं झालं होतं. गावोगावचे बौद्धवाडे जळत होते. दवाखान्यात खाटा पुरेनात, व्हरांड्यात सतरंज्या टाकून माणसं झोपवली होती. भाजलेली, कुऱ्हाडीनं तोडलेली, पाय मोडलेली. आश्रुबानं तेव्हा पट्ट्या संपल्यावर घरची धोतरं फाडली. त्यातच एकदा व्यंकटरावांच्या हातावर कढईतलं तेल उडालं, तोही हात यानंच बांधला. हात बरा झाल्यावर व्यंकटराव म्हणाले, "आश्रुबा, तुमची खुर्ची तुमचीच हाय. या बिनघोर." आश्रुबा आला. बिनघोर मात्र नाही.

त्याची खुर्ची कोपऱ्यातली, भिंतीवरच्या मोठ्या आरशाकडे तोंड करून. ती त्यानं निवडली होती ती दाराकडे पाठ यावी म्हणून. कारण दारात पोरं उभी राहत. स्टेशनावरची, फाटक्या चड्डीतली, काही न बोलता नुसती तोंडाकडे बघणारी. पोरं समोर असली की आश्रुबाचा घास तोंडात फिरायचा. एकदा त्यानं एका पोरीला आख्खा गुलाबजाम दिला होता. वर सल्लाही दिला होता, "मागू न्हाई बाई. शाळेत जावं." पोरीनं बोटं चाटत विचारलं, "शाळंत खायला देतेत का?" त्यानंतरचा महिनाभर तो हॉटेलकडे फिरकला नाही. तिचा राग आला होता की स्वतःचा, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. परत आला तेव्हा खुर्ची फिरवून बसला. आता आरसा काय भिंतीला तोंड करून थोडाच लावतात? दार त्यातही दिसायचंच.

मागणाऱ्या पोरांची त्याला कीव यायची आणि त्याहून जास्त चीड यायची. त्याचा बाप गावचा येसकर, वेस राखणारा महार होता. सांज झाली की बापाच्या हातात काठी आणि मागे टोपलं घेतलेला आश्रुबा. घरोघरी, उंबऱ्यापासून हातभर लांब उभं राहून बाप ओरडायचा, "भाकर वाढा वं माय!" वरून तुकडा पडायचा. ज्वारीची, बाजरीची, शिळी, करपलेली, तीस घरची भाकर आणि तीस घरचं कालवण एका टोपल्यात. धर्मांतर झालं त्या साली बापानं ते टोपलं चुलीत घातलं आणि पोरांना समोर बसवून सांगितलं, "उपाशी मरा. पर हात पसरू नका." पुढं दोन वर्षं घरात खरोखरच उपास घडले. आश्रुबाची धाकटी बहीण त्यातच गेली. पण हात कुणी पसरला नाही. तेव्हा हात पसरलेलं पोर पाहिलं की आश्रुबाच्या तळपायाची आग मस्तकाला जायची, ती अशी उगीच नव्हती.

पहिला गुलाबजाम त्यानं नुकता चमच्यानं कापला होता.

"फकीर आले, फकीर," कुणीतरी म्हणालं आणि हॉटेलातला गलका थोडा खाली आला.

मोहरमचे दिवस होते. सवाऱ्या, म्हणजे पिराचे पंजे, बसलेल्या होत्या. सेलूकडे काय, सगळ्या परभणी भागात नवसाची पोरं या दिवसांत फकीर होतात. कुणाचं पोर जगत नाही, कुणाचं तापातून उठत नाही, मग आई बोलते, पीरसायबा, लेकरू नीट कर, फकीर करीन. गळ्यात लाल-हिरवा नाडा, अंगावर हिरवं कापड, काखेत झोळी, आणि पाच घरं मागायची. पाटलाचं पोरही फकीर होतं आणि सुताराचंही. त्या दिवसांत त्याला कुणी भिकारी म्हणत नाही. म्हातारी माणसंही त्याच्या पाया पडतात.

पोरगं दहाएक वर्षांचं होतं. व्यंकटराव गल्ल्यावरून उठले, दोन जिलब्या कागदात बांधून झोळीत टाकल्या आणि हात जोडले. मधल्या टेबलाशी माणिकराव बसले होते, सेलूजवळच्याच एका गावचे. चार गाड्या कापूस घेऊन आले होते आणि मांडीवर तापानं फणफणलेला नातू होता. माणिकरावांनी नातवाला खुर्चीवर बसवून टोपी काढली. धिप्पाड माणूस, वाकताना गुडघे वाजले, पण वाकून त्यांनी पोराच्या धुळीनं भरलेल्या पायाला कपाळ लावलं.

"बाबा, नातवाला उदी लावा. ताप हटंना."

पोरानं झोळीतून उदीची पुडी काढली आणि अंगठ्यानं नातवाच्या कपाळावर रेघ ओढली. हात वर गेला तसं हिरवं कापड दंडावरून घसरलं.

आश्रुबाला आरशात तो दंड दिसला. कोपरापासून खांद्यापर्यंत भाजलेल्याचा वण, सुरकुतलेल्या तांबड्या कातडीचा. तो वण त्याला पाठ होता. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत रोज त्यानंच तो धुतला होता. पट्टी चिकटलेली असायची, पोर ओरडायचं, आणि आश्रुबा त्याला खिशातली लिमलेटची गोळी द्यायचा. लिंबाजी. पंचफुलाचा लिंबाजी. गावातला वाडा जळाला त्या दिवशी बाप गेला आणि माय-लेक अंगावरच्या कपड्यानिशी सेलूला आले. आता रेल्वेलाइनच्या कडेला आश्रुबाच्याच वस्तीत झोपडी घालून राहत होते.

आणि हे पोर इथं झोळी घेऊन मागत होतं.

तेव्हा आश्रुबाला वाटलं, आरशातून डोळे काढावेत आणि गुलाबजाम खावा, पोर आपल्या वाटेनं जाईल. पण लिंबाजी त्याच्याकडेच आला. मागं येऊन उभा राहिला. आश्रुबानं मान वळवली. पोरानं झोळी पुढं केली आणि ओळखीचं, तोंडभर हसला. गोळी मिळायची तेव्हा हसायचा तसाच.

ते हसू आश्रुबाला सोसलं नाही. हात पसरून हसतो! टोपलं, काठी, बहिणीची तिरडी, सगळं एकदम छातीत उसळलं. त्यानं काडकन थोबाडीत दिली. पोर टेबलावर आदळलं, कपबशी खाली पडून फुटली.

"लाज वाटत न्हाई?" आश्रुबा ओरडला. "आपल्या वाड्यातलं लेकरू असून हात पसरतूस? बाबासायबानं काय सांगितलं व्हतं? सोंगं घेऊन भीक मागतूस?"

बोलून झाल्यावर त्याला ऐकू आलं, आपण काय बोललो ते. घाण्यातलं तेल तेवढं चरचरत होतं.

"आपल्या वाड्यातलं म्हंजी?" माणिकरावांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता. "तुमच्या वाड्यातलं?"

आश्रुबा खाली वाकून फुटक्या कपबशीचे तुकडे गोळा करू लागला.

माणिकरावांनी नातवाच्या कपाळावरची उदी पंच्यानं पुसली. पुन्हा पुसली. मग स्वतःचं कपाळ पुसलं. चारचौघांत ज्याच्या पायावर डोकं ठेवलं, ते आपण समजलो ते नव्हतं, हे कळल्यावर माणसाला जो राग येतो त्याला दुसऱ्या कुठल्या रागाची सर नाही. माराचा राग उतरतो, पैशाचा उतरतो. वाकल्याचा उतरत नाही.

"म्या पाया पडलो ह्येच्या," ते म्हणाले. मग ओरडले, "म्या पाया पडलो ह्येच्या!"

त्यांनी पोराच्या गळ्यातला नाडा धरला आणि तसंच फरफटत बाहेर नेलं. नाडा तुटला तेव्हा केस धरले. बाहेर गाडीवान होतेच. काय झालं हे कुणी विचारलं नाही, कोण आहे एवढंच विचारलं. उत्तर मिळाल्यावर कुणी जुवातली लाकडी शिवळ उपसली, कुणी पायताण काढलं, कुणी बैलाची पराणी घेतली. पोर पहिल्यांदा "मामा" म्हणून ओरडलं. दवाखान्यात ते आश्रुबाला मामा म्हणायचं. दुसरी शिवळ बरगडीवर बसली तेव्हा नुसता हवा गेल्यासारखा आवाज आला. झोळी फाटली. ज्वारी, मोहरमचे गोड चोंगे, जिलब्या सगळं धुळीत सांडलं आणि त्यावरून पाय नाचू लागले.

आश्रुबा खुर्चीची पाठ धरून उभा होता. मारणारांपैकी दोघांच्या डोक्याला त्यानंच सकाळी बांधलेल्या पट्ट्या होत्या. आपण पुढं गेलो तर काय होईल, हे त्याला श्रावणापासून माहीत होतं, रोज धुतलेल्या जखमांवरून माहीत होतं. म्हणून पाय हालत नव्हते. माणूस भ्याला की त्याला कारणं सुचतात. व्यंकटराव थांबवतील, पोलीस येतील, चार रट्टे देऊन सोडतील.

"छोडो रे! छोडो!" सवारीचा म्हातारा मुजावर बाबूमियाँ काठी टेकत धावत आला. "फकीर हाय त्यो! म्या नाडा बांधला त्येला! फकिराला जात नसती रे!"

त्याला कुणीतरी ढकललं. म्हातारा गटारात बसला आणि तिथून ओरडत राहिला.

मग आश्रुबाला पराणी दिसली. काठीच्या टोकाची ती लोखंडी आर पोराच्या तोंडावर खाली येताना दिसली आणि पोराचा हात, तोच वणाचा हात, तोंडावर यायला उशीर झाला. तेव्हा कुठं आश्रुबाचे पाय सुटले. तो घुसला आणि पोरावर पालथा पडला. "म्या मारलं त्येला! मला हाणा! म्या मारलं!" एवढंच तो ओरडत होता. त्यांनी त्यालाही हाणलं. डोक्यावर, पाठीवर. उजवा हात पोराच्या डोक्याखाली होता, त्यावर कुणीतरी टाचेनं उभं राहिलं आणि टाच फिरवली. बोटं एकेक करून मोडलेली त्याला कळली. जिनिंगचा भोंगा झाला तशी गर्दी पांगली. गाड्यांची रांग हालली होती, नंबर गेला असता.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोराचा डोळा उघडून पाहिला आणि पुन्हा झाकला. "परभणीला न्या," म्हणाले. "डोळा गेलाच. पोर तरी वाचेल."

जीप येईपर्यंत पोर ड्रेसिंगच्या टेबलावर होतं. रोज आश्रुबा ज्या स्टुलावर बसायचा त्यावर त्या दिवशी कंपाउंडर बसला होता. आश्रुबानं सवयीनं डाव्या हातात कापसाचा बोळा घेतला आणि पुढं झाला. लिंबाजीनं एका डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. आश्रुबा थांबला. बोळा त्यानं तसाच ट्रेमध्ये ठेवला.

पंचफुला भिंतीला टेकून बसली होती. ती रडली नाही, शिवी दिली नाही. त्यापेक्षा तिनं चप्पल काढली असती तर बरं झालं असतं.

"भाऊ," ती म्हणाली, "मागत न्हवता ओ त्यो. नवस फेडायलता."

"कसला नवस?"

"आमी जळत्या घरातून पळालो तवा बाबूमियाँनं सवारीच्या खोलीत लपिवलं. लेकराचा हात पार काळा पडलाता. मी तिथंच बोलले, हात वाचला तर फकीर करीन. हात तुमी वाचिवला. पर पिराला बोल तर दिलाता न्हवं." तिनं पदर तोंडाला लावला आणि काढला. "तीन घरं बाबूमियाँच्या गल्लीत झाली. चौथं हॉटेल. मी त्येला सांगितलं, पाचवं घर मामाचं घे. ज्येनं हात बरा केला त्येच्याच हातचं घे. त्यो तुमालाच हुडकायलता."

जीप गेली, तरी आश्रुबा मोडक्या हाताला फळी बांधून घ्यायला उठेना. शेवटी कंपाउंडरनं त्याला धरून बसवलं.

मोंढ्यात दुसऱ्या दिवशी सगळे एकच सांगत होते, बैल बुजला आणि पोर गाडीखाली आलं. पोलिसांनाही तेच सांगण्यात आलं. आश्रुबानं ठाण्यात जाऊन आधी आपण थोबाडीत मारल्याचं सांगितलं, मग माणिकरावांचं नाव सांगितलं. हवालदारानं पहिलं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच्या वेळी तंबाखू मळायला घेतली.

तिथून तो बाबूमियाँकडे गेला. म्हाताऱ्याचा गुडघा सुजला होता.

"झोळी तर सांडली," आश्रुबा म्हणाला. "मग नवसाचं कसं?"

"सांडली तर पयल्यापासून पाच घरं. सवाऱ्या उठायच्या आत."

"लेकरू परभणीला हाय."

"त्येच्या नावानं दुसरा मागू शकतो." म्हाताऱ्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "पर हात दिलसे पसरावा लागतो, आश्रुबा. नुसती झोळी अडकवून भागत न्हाई."

घरी रुख्मिणीनं हे ऐकलं आणि हातातलं काम टाकलं. "तुमी? आन् झोळी? बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस! वस्ती काय म्हणंल? मामंजी असते तर ह्याच उंबऱ्यावर जीव दिला असता."

"प्रतिज्ञा माझी हाय," आश्रुबा म्हणाला. "नवस लेकराचा हाय."

त्याचा पिरावर विश्वास नव्हता. नवसावर नव्हता आणि उदीवर तर नव्हताच. पण परभणीच्या खाटेवर पडून एका डोळ्यानं छताकडे बघणाऱ्या पोराला, आपला नवस अर्धा राहिला म्हणून डोळा गेला असं आयुष्यभर वाटत राहील, हे त्याला सहन होत नव्हतं. म्हणजे डोळा गेला याचा दोषही शेवटी पोरानं स्वतःच्याच डोक्यावर घ्यायचा! ते आश्रुबानं होऊ द्यायचं नाही असं ठरवलं.

सवाऱ्या उठायच्या दिवशी सकाळी बाबूमियाँनं त्याच्या गळ्यात नाडा बांधला. फाटलेली झोळी पंचफुलाच्या झोपडीतून आणून रुख्मिणीनंच टाके घालून दिली होती. पहिलं घर त्यानं स्वतःचंच घेतलं. रुख्मिणीनं दारात येऊन ओंजळभर ज्वारी टाकली आणि लगेच आत गेली. मग बाबूमियाँच्या गल्लीतली तीन घरं झाली. तिथं बायकांनी चोंगे दिले, एका म्हातारीनं त्याच्या फळी बांधलेल्या हातावरून हात फिरवला. पाचवं घर कोणतं, ते त्यानं आधीच ठरवलं होतं.

हॉटेलात नेहमीची गर्दी होती. घाणा चालू होता. आश्रुबा पायरीपाशी आला आणि पायरी न चढता, उंबऱ्यापासून हातभर लांब उभा राहिला. स्टेशनावरची पोरं तिथंच उभी होती. त्यातली ती गुलाबजामवाली पोरगी जरा बाजूला सरकली आणि तिनं त्याला जागा करून दिली.

व्यंकटरावांनी मान वर केली. गळ्यातला नाडा पाहिला, झोळी पाहिली. "आश्रुबा," ते हळूच म्हणाले, "आसं काय करायलाव? आत या. तुमची खुर्ची मोकळीच हाय."

खुर्ची मोकळीच होती. समोरच्या आरशात ती दिसत होती, आणि तिच्या मागे, दाराच्या चौकटीत, पोरांच्या रांगेत उभा असलेला एक माणूस दिसत होता.

आश्रुबानं डावा हात पुढं पसरला. फकिरानं काय म्हणायचं ते बाबूमियाँनं त्याला शिकवलं होतं. पण तोंड उघडलं तेव्हा ते शब्द आलेच नाहीत.

"भाकर वाढा वं माय," तो म्हणाला, थेट बापाच्या आवाजात.